हजेरीच्या वहीतलं शेवटचं पान

२०१८च्या उन्हाळ्यात आमच्या गावाने वॉटर कप या गावागावांच्या पाणी अडवायच्या स्पर्धेत भाग घेतला आणि श्रमदानाच्या हजेरीची वही माझ्याकडे आली. माझं अक्षर बरं, शिवाय दूध डेअरीचा हिशेब मीच लिहायचो, एवढंच कारण. दोनशे पानी वही आणली, पट्टी घेऊन रकाने आखले, आणि आखता आखताच एक घोळ करून ठेवला. तो माझ्या लक्षात यायला सहा दिवस लागले. तेही दुसऱ्याने बोट ठेवून दाखवला म्हणून.

गाव सातारा जिल्ह्यातल्या माण तालुक्यातलं आहे. नाव सांगत नाही, कारण ज्यांच्याविषयी लिहितोय ते सगळे तिथेच राहतात आणि मलाही तिथेच राहायचं आहे. पाऊस वर्षाला पाचशे मिलिमीटरच्या आतबाहेर, तोही आला तर. मधे गावठाण, ओढ्याच्या कडेने मळे, डोंगराच्या पायथ्याला बौद्धवस्ती आणि दीड किलोमीटरवर धनगरवस्ती. मी मराठा, नऊ एकरांचा धनी, दोन बोअर. हे आधीच सांगितलेलं बरं, कारण पुढचं सगळं मी कुठे उभा राहून पाहिलं ते त्यावरून कळेल.

स्पर्धा पानी फाउंडेशनची. २०१६ साली तीन तालुक्यांत सुरू झाली होती, २०१८ला पंचाहत्तर तालुके होते. ८ एप्रिल ते २२ मे, पंचेचाळीस दिवस. त्यात श्रमदान, यंत्राचं काम, शोषखड्डे (सांडपाणी जिरवायचे खड्डे) वगैरेंना गुण. त्याआधी गावातल्या पाच जणांनी चार दिवस मुक्कामी प्रशिक्षणाला जायचं आणि त्यात दोन बायका हव्यात, ही अट होती. गावठाणातली एकही सून चार दिवस बाहेर मुक्कामाला पाठवायला कुणी तयार होईना. शेवटी सरपंचांनी बौद्धवस्तीतल्या बचत गटाच्या सचिव ताईंना विचारलं. त्या ‘हो’ म्हणाल्या आणि सोबत आपल्या जावेलाही घेऊन गेल्या. आता लोक सांगतात की आमच्या गावाने पहिल्यापासून सगळ्यांना बरोबर घेतलं. तसलं काही नव्हतं. अडचण होती, आणि ती त्या दोघींनी भागवली.

पहिली सभा मारुतीच्या पारावर झाली. पडद्यावर इतर गावांच्या चित्रफिती दाखवल्या, माणसं हेलावली, टाळ्या वाजल्या. तेवढ्यात मागून मास्तरांनी हात वर केला. मास्तर म्हणजे शाळेतले नव्हेत. एसटीत कंडक्टर होते, निवृत्त होऊन बौद्धवस्तीत राहायला आलेले. त्यांनी विचारलं, “डोंगरावर पाणी अडलं तर ते खाली जातंय कुणाच्या हिरीत?”

मीच उत्तर दिलं. “गावाच्या.”

“गावाची हीर कंची?”

लोक हसले. मीही हसलो. गावात साठेक विहिरी, त्यातली पिण्याच्या पाण्याची एक सोडली तर बाकी सगळ्या कुणा ना कुणाच्या सातबाऱ्यावर. सत्तावीस घरांच्या बौद्धवस्तीत जमीन तीन घरांना. मास्तर काही पुढे बोलले नाहीत, खाली बसले. आम्ही नारळ फोडला.

सुरुवात जोरात झाली. ७ एप्रिलच्या रात्री बारा वाजता मशाली घेऊन अख्खा गाव डोंगरावर. ट्रॅक्टरवर हॅलोजन, ढोल, पोरांच्या शिट्ट्या. पहिले तीन दिवस तो भर टिकला, मग हाताला फोड आले आणि खरी माणसं उरली. मुरमाड डोंगर, टिकाव मारला की ठिणगी उडायची. ताईंनी ए-फ्रेम घेतली की आमची बारावी शिकलेली पोरं गप्प बसायची. ए-फ्रेम म्हणजे काय, तर तीन लाकडांचा ‘ए’ आणि मधे लोंबता ओळंबा. ओळंबा मधल्या खुणेवर आला की दोन्ही पाय एका पातळीत. तिथे फक्कीची टिकली टाकायची, फ्रेम फिरवायची, पुढची टिकली. अशी ती रेघ डोंगराला वळसा घालत जाते आणि त्या रेघेवर सलग समतल चर खणायचा. आमचा चर दोन फूट रुंद, एक फूट खोल. एका मीटरला साधारण एकशे ऐंशी लिटर पाणी धरतो. पण रेघ चुकली तर पाणी एका टोकाला पळतं आणि चरच फोडतं. त्यामुळे ताईंची रेघ हा कायदा झाला. ज्यांच्या बांधावर ताई खुरपायला जायच्या, तेच मालक आता टिकाव घेऊन त्यांना विचारत होते, “इथनं का तिथनं?” मला ते बघायला मजा वाटायची, आणि मजा वाटते म्हणजे गाव सुधारलं असंही वाटायचं.

सहाव्या दिवशी, १३ एप्रिलला, काम संपल्यावर ताई सही करायला आल्या. वही उघडली, पानं उलटत गेल्या. वरची आळी, खालची आळी, मळे, धनगरवस्ती. सगळ्यात शेवटचं पान आलं. तिथे थांबल्या.

“भाऊ, आमी ‘इतर’ का ओ?”

त्या पानावर मी मथळा लिहिला होता ‘इतर’. त्याखाली बौद्धवस्तीची सत्तावीस घरं, मातंगांची दोन, एक मुसलमानाचं घर आणि शाळेचे गुरुजी. माझ्या मते मी शहाणपण केलं होतं. घरपट्टीच्या नमुना आठमध्ये तेव्हा वस्तीचं नाव जातीवरून होतं. (जातिवाचक वस्त्यांची नावं बदलायचा सरकारी निर्णय त्यानंतर अडीच वर्षांनी, डिसेंबर २०२०मध्ये झाला.) ते लिहायला नको म्हणून मी बरा शब्द शोधला होता. हे मी ताईंना समजावून सांगू लागलो. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, “नाव लिवायची लाज वाटली म्हनून नावच काडून टाकलं व्हय?”

मला उत्तर आलं नाही. त्या रात्री मी नवी वही आखली. अकारविल्हे करावं असं आधी वाटलं, पण त्यात रोज नाव शोधत बसावं लागलं असतं. गुरुजींनी सोपं सुचवलं. जो आधी येईल तो वर. आळी नाही, वस्ती नाही, नुसता अनुक्रमांक. मग झालं असं, की पहिल्या दहा-बारा ओळींत रोज पायथ्याच्या वस्तीचीच नावं येऊ लागली, कारण त्यांना डोंगर जवळ आणि त्यांना लवकर काम उरकून मजुरीलाही जायचं असायचं. वरच्या आळीतले एक-दोन जण कुरकुरले. एकाने तर गंमत म्हणून पहाटे साडेपाचला येऊन एक नंबरला सही केली. मला ते चाललं. कामाला माणूस वेळेवर आला, एवढाच माझा स्वार्थ.

वहीवरून बोलणं झालं त्याच १३ तारखेला ताईंनी सांगितलं होतं, “उद्या आमची मानसं येनार न्हाईत. जयंती हाय.” त्यावर कुणीतरी पचकलंच, “झालं, यांचं सुरू.” गावच्या जत्रेला दोन दिवस काम बंद राहणार हे आम्ही आधीच ठरवलं होतं आणि तेव्हा कुणाच्या तोंडून चकार शब्द निघाला नव्हता. मास्तर शांतपणे म्हणाले, “आमी येत न्हाई तर तुमी या. शोषखड्ड्याला बी मार्क हायेत न्हवं? आमच्या वस्तीत एक बी न्हाई.”

१४ एप्रिलला सकाळी सहाला आम्ही पन्नासेक जण टिकाव-खोरी घेऊन वस्तीत गेलो. मी तेव्हा बेचाळीस वर्षांचा होतो. त्या वस्तीत मतं मागायला गेलो होतो, मजूर सांगायला गेलो होतो, पण कुणाच्या घराच्या मागच्या अंगणात, मोरीच्या तोंडाशी उभा राहिलो नव्हतो. मोरीचं पाणी उघड्यावरून रस्त्यात येऊन थांबलेलं. या वस्तीवरून जाताना आम्ही नाकाला रुमाल लावत आलो, पण गावठाणातल्या गटारीचा उतार काढताना ती कुठे सोडलीय हे बघायला कुणी आलं नव्हतं. ती इथेच सोडली होती.

आमच्या टोळीला एका आजीचं घर आलं. टोळीत माझे चुलते, आबा. सत्तरीचे, माळकरी, खड्डा खणण्यात आम्हा तिघांना भारी. चार बाय चारचा खड्डा, खाली मोठे दगड, वर विटांचे तुकडे, मग खडी, मधे भोकं पाडलेला माठ. काम झालं आणि आजी चहा घेऊन आल्या. पाच कप, एका ताटलीत. आम्ही घेतले. आबांनी हात जोडले. “मला शुगर हाय, आक्का.”

आबांना शुगर नाही. जत्रेत अर्धा किलो जिलेबी एकटे खातात, हे आजींसकट सगळ्या गावाला माहीत. आजी काही बोलल्या नाहीत. आत गेल्या. स्टोव्हचा आवाज आला. पाच मिनिटांनी पुन्हा एक कप घेऊन बाहेर आल्या. “बिनसाखरंचा केलाय.”

सगळे आबांकडे बघतायत. आबांनी एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा कपाकडे, आणि तो काळाकुट्ट कडू चहा उभ्याउभ्या प्यायले. तोंड कसं केलं होतं ते अजून आठवतं. पुढचा सगळा महिना वस्तीत जिथे जातील तिथे आबांसाठी वेगळा, बिनसाखरेचा चहा यायचा. आजींनी घरोघर सांगून ठेवलं होतं. शेवटी मे महिन्यात कधीतरी आबाच म्हणाले, “आक्का, शुगर गेली वाटतं माझी.” आजी म्हणाल्या, “डोंगराची हवा लागली.” आणि साखर घातली.

चहाचं हे असं मिटलं. पाण्याचं सोपं नव्हतं. डोंगरावर दोनशे लिटरचा पिंप असायचा, त्याला साखळीने बांधलेला स्टीलचा पेला. पहिल्या आठवड्यात माझ्या डोळ्यांसमोर असून मला दिसलं नव्हतं की वस्तीवरच्या बाया आपापला कॅन घरून आणतात आणि पिंपाकडे येत नाहीत. कुणी मना केलं नव्हतं. मना करायची गरजच पडत नव्हती, इतकं ते मुरलेलं होतं. २० मार्च १९२७ला बाबासाहेबांनी महाडच्या चवदार तळ्याचं पाणी ओंजळीत घेतलं, १९७२ साली बाबा आढावांनी ‘एक गाव एक पाणवठा’ची चळवळ सुरू केली, आणि आम्ही २०१८मध्ये, पाणी अडवायच्याच कामावर, दोन भांड्यांतून पाणी पीत होतो. हे मास्तरांनी एकदा मला चालता चालता सुनावलं, मग टिकाव खांद्यावर टाकून पुढे गेले.

भाषण करून काही होणार नव्हतं. पिंप भरायची पाळी लावली. रोज चार घरांनी भरायचा, घरं चिठ्ठ्या टाकून काढायची. चौथ्याच दिवशी चारपैकी दोन घरं वस्तीतली निघाली. त्या दिवशी गावठाणातले पंधरा-वीस जण घरून बाटल्या घेऊन आले. कारणं तयार होती. कुणाचा घसा धरलेला, कुणाला उकळलेलं लागतं. मी मुद्दाम मोजल्या. नंतरच्या पाळीला सात-आठ बाटल्या होत्या. त्यानंतर ऊन एवढं तापलं की दहाच्या आधीच बाटल्या संपायच्या आणि माणसं निमूट पिंपाकडे यायची. मे महिन्यात कधीतरी मोजायचं राहून गेलं. दोघे जण शेवटपर्यंत बाटलीच आणत होते. एकाने आजही त्या घरांतलं पाणी घेतलेलं नाही. माझा वर्गमित्र आहे.

वेळेचंही बदललं. आधी श्रमदान सात ते अकरा होतं. मळेवाल्यांना ते सोयीचं, पण रोजगारावर जाणाऱ्या बाईचा अख्खा दिवस बुडायचा. माझ्या घामाची भरपाई माझ्या विहिरीत होणार होती. तिची कशात? ताईंनी हा हिशेब मांडला तेव्हा वेळ सहा ते नऊ केली आणि ओढ्यावरच्या मोठ्या बांधाचं काम रोजगार हमीतून मागितलं. त्या साली हजेरीचा दर २०३ रुपये होता. पैसे उशिरा आले, पण आले.

खरं फाटलं ते १ मेच्या ग्रामसभेत.

चरांवर गवत धरायचं, झाडं लावायची तर डोंगरावर जनावरं सोडून चालत नाही. राळेगण सिद्धीपासून सगळीकडे चराईबंदी आणि कुऱ्हाडबंदी हे पाणलोटाच्या कामाचं पहिलं पाऊल मानलं जातं. आम्हीही ठराव लिहून आणला होता, डोंगरावर तीन वर्षं चराईबंदी, मोडल्यास दंड. मीच लिहिला होता. वाचून दाखवला. गावठाणातले हात वर गेले. धनगरवस्तीतून चार म्हातारी माणसं आणि काही बाया आल्या होत्या. त्यातल्या एक वयस्कर बाई उठल्या. म्हणाल्या, “आमचं कर्तं मानूस घरी हाय का? दिवाळीला मेंढरं घिऊन गेलंत ते मिरगाला येत्यात. तंवर तुमी डोंगरच ठरावात घालून टाकनार?”

हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. ज्यांची मेंढरं त्या डोंगरावर चरतात ती माणसं शंभर-दीडशे किलोमीटरवर होती आणि आम्ही त्यांच्या चरणीचा निकाल लावत होतो. बौद्धवस्तीतल्या बऱ्याच घरांत दोन-दोन, चार-चार शेळ्या. आजारपण, पोरीची फी, सगळं शेळी विकून. म्हणजे पाणी आमच्या विहिरींना, आणि बंदी त्यांच्या शेळ्या-मेंढ्यांवर. मास्तरांच्या पहिल्या दिवशीच्या प्रश्नाला आम्ही हसलो होतो, तोच प्रश्न आता दंडाची रक्कम लावून समोर आला होता. कुणीतरी ओरडलं, “गावाच्या भल्याआड येऊ नका.” त्यावर ताई उठल्या, आपली माणसं घेऊन निघून गेल्या. मागोमाग धनगरवस्ती.

२ आणि ३ मे. वहीत एकतीस नावं, सगळी गावठाण आणि मळ्यांची. एरवी दीडशेच्या वर असायची. ए-फ्रेम शाळेच्या व्हरांड्यात पडून होती. एका बहाद्दराने अंदाजाने रेघ मारली, ती वाकडी गेली हे उघड्या डोळ्यांनी दिसत होतं. चार महिन्यांचं वैर आलं की काय असं वाटत होतं, आणि मला त्याहून जास्त ही काळजी होती की आता नंबर जाणार. खोटं कशाला बोलू.

३ तारखेला रात्री मी आणि सरपंच मास्तरांच्या घरी गेलो. नऊला शाळेच्या व्हरांड्यात बैठक बसली, दोन वाजेपर्यंत चालली. माणूस पन्नासेक. मेंढपाळांशी बोलल्याशिवाय ठराव नाही, हे पहिलं. त्यातल्या एकाला फोन लावला, स्पीकरवर ठेवला, फोन घंगाळात ठेवला म्हणजे आवाज मोठा येतो. मागे मेंढरांचा बें-बें, कुत्रं भुंकतंय. तिकडून तो म्हणाला, “पाऊस पडल्यावर मी माघारी येनार. मेंढरं कुटं घालू? तुमच्या वसरीत?” कुणी हसलं नाही. मग त्यानेच तोड सांगितली. डोंगर अख्खा बंद करू नका, तीन वाटे करा. एक वाटा बंद, दोन खुले, दर पावसाळ्याला वाटा फिरवा. आमच्या आजोबांच्या काळात असंच होतं म्हणाला.

मग बंद वाट्यातल्या गवताचा प्रश्न. ते कापायचं कुणी? मळेवाल्यांचं म्हणणं, जनावरांच्या संख्येवर वाटा. म्हणजे ज्याच्या गोठ्यात जास्त, त्याला जास्त. तेव्हा मास्तर बोलले. ते काही वर्षं सासवड आगाराला होते. पुरंदर तालुक्यात नायगावला विलासराव साळुंखे यांनी १९७२च्या दुष्काळानंतर पाणी पंचायत उभी केली, ती त्यांनी येता-जाता पाहिलेली. तिथला नियम त्यांनी सांगितला. पाण्याचा हक्क जमिनीवर नाही, माणसांवर मोजायचा. माणशी अर्ध्या एकराचं पाणी, कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकराचं. भूमिहीनालाही वाटा. आणि त्या पाण्यावर ऊस नाही. “पानी वाटा म्हनून मी तुमास्नी म्हनत न्हाई,” मास्तर म्हणाले, “तेवडं तुमच्यानं व्हनार न्हाई. गवत तरी मानसावर वाटा.”

‘तेवढं तुमच्यानं होणार नाही’ हे ऐकून सरपंचांना राग आला. त्या रागात एक बरं झालं. त्यांनी मलाच लिहायला सांगितलं. गवत घरटी समान. पहिली निवड भूमिहीन घरांची, चिठ्ठ्या टाकून. त्यांचं झाल्यावर एक एकराच्या आतले, मग बाकीचे. पाझर तलावातला गाळ मागेल त्याला, पण वस्तीतल्या तीन जमिनींना आधी. आणि पिण्याच्या पाण्याच्या टाकीचा नवा नळकोंडाळा वस्तीच्या तोंडाशी. ‘सहकार्य करावे’, ‘विचार व्हावा’ असले शब्द मास्तरांनी एकेक करून खोडायला लावले. ‘मिळेल’ लिही म्हणाले. पुढच्याच आठवड्यात विशेष ग्रामसभा घेऊन ठराव झाला.

बोअरबंदीवरही त्या रात्री बोलणं निघालं. हिवरे बाजारने शेतीसाठी बोअर मारायला बंदी केलीय, आपणही करू. पाणी अडवायचं सगळ्यांनी आणि उपसायचं चौघांनी, हे चालणार नाही, असं ताई म्हणाल्या. त्यावर जे शांत बसले त्यांत मी होतो. माझे दोन बोअर आहेत हे वर सांगितलंय. नवीन बोअर नको एवढं तरी म्हणता आलं असतं. नाही म्हणालो. ते कलम वहीत आलंच नाही आणि पुढच्या चार वर्षांत गावात डाळिंबासाठी अकरा नवे बोअर पडले.

४ मेला सकाळी सहाला मी वही घेऊन डोंगरावर पोचलो तेव्हा ताई आधीच फ्रेम घेऊन त्या वाकड्या रेघेवर उभ्या होत्या. “कुनी मारली ही?” एवढंच विचारलं. पायाने फक्की पुसली आणि नवी टिकली टाकली.

२२ मेला काम थांबलं. आमचा नंबर आला नाही. त्या वर्षी राज्यात पहिली आली ती आमच्याच तालुक्यातली टाकेवाडी, त्यामुळे हरल्याचं दुःख जरा जास्तच झालं. आणि मग पावसाने दगा दिला. चर एकदाच भरले, तेही अर्धे. ऑक्टोबरअखेर सरकारने १५१ तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला, त्यात माण होतंच. २०१९च्या उन्हाळ्यात आम्ही पुन्हा जनावरांच्या चारा छावणीत. लोक चेष्टा करायचे, एवढं खणलं कशाला, आता त्यातच झोपा. त्या दिवसांत गावात जे टिकलं ते पाण्यामुळे टिकलं नव्हतं, कारण पाणी नव्हतंच. पिंपाची पाळी छावणीतही सुरू राहिली. कुणी ठरवलं नव्हतं, पिंप तोच होता म्हणून.

२०१९च्या परतीच्या पावसाने चर तुडुंब भरले. बंद वाट्यात गवत कमरेएवढं आलं. पवन्या गवत इतकं की आबा म्हणाले, असं मी लहानपणी पाहिलेलं. शाळेत चिठ्ठ्या टाकल्या. वाटे भूमिहीन घरांत आणि एकराच्या आतल्यांतच संपले. बाकीच्यांना, म्हणजे मला, काही उरलं नाही. ठराव माझ्याच अक्षरात असल्याने भांडायचीही सोय नव्हती.

काय बदललं नाही तेही सांगतो. स्मशानं अजून दोन आहेत. लग्नाच्या पंगती वेगळ्या. गेल्या निवडणुकीत पॅनल जातीवरच पडलं. वस्तीतल्या एका पोराचं आणि गावठाणातल्या एका पोरीचं प्रकरण निघालं तेव्हा जे झालं ते लिहिण्यासारखं नाही. डोंगरावर एकत्र घाम गाळला म्हणून हे सुटेल असं मला तेव्हा वाटत होतं, आता वाटत नाही. पण डोंगराचे तीन वाटे अजून फिरतात. दर वर्षी मृगाला मेंढपाळ आले की आधी शाळेत बैठक, मग मेंढरं.

त्या २०१९च्या नोव्हेंबरात माझ्या दोन म्हशींना वैरण नव्हती. ताईंच्या वाट्याला बंद भागाचा चांगला तुकडा आला होता, पेंढ्या बांधून विकत होत्या. मी गेलो, भाव विचारला. त्यांनी सांगितला. मी म्हटलं, “ताई, जरा कमी करा की. आपण एकत्र खणलंय.”

त्या पेंढी बांधत होत्या, मान वर केली नाही. “वही आना आदी. तुमचं दिवस किती भरल्यात बगू.”

मला आकडा पाठ होता. माझे अडतीस, त्यांचे चाळीस. तेही दोन त्यांनी मुद्दाम पाडलेले असताना. त्यांनी सांगितलेल्या भावाने मी पैसे दिले आणि पेंढ्या ट्रॉलीत टाकू लागलो.